पूर्ण हजेरी

सातव्या दिवशी घटकाभरच बसायचं असतं.
दिवसाचा तुकडाही अख्खा दिवस धरतात,
ठाण्याहून हझानकाका फोनवर म्हणाले.
सकाळची तफिला झाली, की उठा.

पप्पा, तुम्ही हे चालवून घेतलं नसतं.
बंदराच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं टाइमकीपर.
आठ वाजून चार मिनिटं म्हणजे आठ-चार,
सख्ख्या मेहुण्यालाही कधी आठ लिहिलं नाहीत.
आणि आता तुमच्याच नावावर
तासभर बसून पूर्ण हजेरी.

रात्रभर ॲम्ब्युलन्समधून नेलं तुम्हाला रेवदंड्याला, आईशेजारी.
चिपळूणला ड्रायव्हर चहाला उतरला
तेव्हा मी घड्याळ पाहिलं. दोन-सतरा.
कुणासाठी पाहिलं, ते नंतर कळलं.

मग बायण्याच्या या दोन खोल्यांत
मी जमिनीवर, पाठीला गोदरेजचं कपाट,
डाव्या बाजूला गळ्यापाशी फाडलेला कुडता.
आईबापासाठीची फाड नीट शिवायची नसते.
महिन्यानंतर टाचता येते, धोबड,
दिसेल अशी.
दहा पुरुष जमले नाहीत एकदाही.
वास्कोत कुठून आणायचे दहा?
दार मात्र उघडं ठेवलं होतं,
त्यातून कोळशाची भुकटी येत राहिली,
जेट्टीवरून, नेहमीसारखी.

तुम्ही रोज सहाला ओल्या फडक्यानं खिडकी पुसायचात.
सात दिवस कुणी पुसली नाही.
फरशीवर माझी पावलं उमटलीत:
मोरीपर्यंत, दिव्यापर्यंत, परत.
शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथसाठी उठले,
शनिवारी रात्री पुन्हा बसले, तेही दिसतंय.
साप्ताहिक सुट्टी धरून सात,
हे तरी तुम्हाला पटलं असतं.

पण उठायचं आपलं आपण नसतं, पप्पा.
सांत्वनाला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणायचं असतं: उठा.
काकांना पुन्हा फोन लावला, लागला नाही.
दिव्यातली वात रात्रीच कधीतरी विझलेली.
मी बसून. नऊ. नऊ-दहा. नऊ-वीस.

तेवढ्यात पेर्पेतमाय आली,
ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं बोलणारी,
सात दिवस काही न विचारता चहा आणणारी.
कप टेबलावर ठेवला, आज खाली दिला नाही,
गुडघे वाकत नाहीत तिचे.
आणि दारातून जाता जाता ओरडली,
“उठ गो बाय, च्या निवता!”

नऊ-तेवीस.
मी उठले.

आरशावरची चादर काढली,
घडीच्या कडेला काळी रेघ.
आत कुणीतरी तुमचे कान घेऊन उभं होतं.
सात दिवसांनी चामड्याच्या चपला घातल्या, पट्टा आखडलेला,
आणि इमारतीला एक फेरी मारली, रीतीप्रमाणे,
शोक तेवढ्या अंतरापर्यंत पोचवायला.
गॅरेजवाला ‘कशी आहेस’ म्हणाला.
आठवडाभर कुणाला विचारू दिलं नव्हतं.
बरी, म्हटलं. मासळीवाली खेकडे दाखवायला लागली,
आमच्यात चालत नाहीत, हे ती वीस वर्षं विसरते आहे.

परत आले तर फरशीवर बाहेर जाणारी पावलं,
त्यांच्यावरच आत येणारी.
खराटा घेतला. बादली भरली. खिडकीला हात लावला नाही.
ती उद्या सहाला.

चहा खरंच निवला होता. तसाच प्यायले.

पावणेएकला एलियाबचा व्हिडिओ कॉल, अश्दोदहून.
तिथे सव्वानऊ, साडेतीन तास मागे.
दाढी वाढलेली, जमिनीवर उशी,
मागे सोफ्याचे पाय.
तो फोन वर धरून, मी खुर्चीवर.
एका बापाची दोन कार्डं, दोन वेळा.
तुम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिलं असतंत.

“तू उठलीस?” त्यानं विचारलं.
बायकोमुलं कामाला, शाळेला गेलेली,
शेजारी रशियन, त्यांना काय सांगणार.
मी आवाज वाढवला, पेर्पेतमायएवढा.
उठ रे, म्हटलं.
पडदा हलला, छत दिसलं, पंखा,
मग बराच वेळ त्याचा गुडघा.

“किती वाजले?” तो म्हणाला.
कुठले सांगू, ते कळेना.